टोपी नसलेली अक्षरं

३ मार्च, सोम.
दुपारी टपाल. पाकिटावरचा पत्ता इंग्रजीत, लेकीच्या, वैशालीच्या अक्षरात, पण नाव माझं. श्री. बा. रा. चौगुले, अनगोळ. पाकीट दोनदा उलटून बघितलं, खोटं कशाला लिहू. लेक मदुरैला गेल्याला नऊ वर्षं झाली. एवढ्या काळात तिनं मला एक ओळ लिहिली नाही, मीही नाही. आईशी दर रविवारी फोन असतो. तेवढा वेळ मी परसात जास्वंदीला पाणी घालतो.

आत दीड पान पत्र. दुरेघी कागद, पेन्सिल, अख्खं तमिळमध्ये. शेवटी एक मांजर काढलंय. एक अक्षर लागेल तर शपथ. नुसती वेटोळी. पण हात वळणदार आहे. कुठे ओळ सोडलेली नाही, खाडाखोड फक्त एके ठिकाणी, शेवटून दुसऱ्या ओळीत.

नातीचं पत्र. वय सात. सौ. तिचं नाव घेते. मी आजवर एकदाही घेतलेलं नाही.

५ मार्च, बुध.
सौ.ने मोबाइलवर पत्राचा फोटो काढून भाषांतर करून बघितलं. उत्तर आलं: "आजोबा पाणी म्हैस रविवार आहे." हसलो. मग हसू गेलं.

तिनं वैशालीला फोन लावला. मी आज परसात गेलो नाही, दाराआड उभा राहिलो. नंतर सौ. म्हणाली, "वैशाली सांगत न्हाय बगा. पोरीनं बजावून ठेवलंय म्हणं, कुणी सांगायचं न्हाय. आजोबा मास्तर हाईत, त्यांना सगळी अक्षरं येत्यात."

बत्तीस वर्षं निपाणीत मराठी शाळेवर काढली. सगळी अक्षरं!

६ मार्च
झोप लागली नाही. इथल्या लष्करी कॅम्पात तमिळ माणसं चिक्कार आहेत, कुणालाही दाखवता येईल. पण आत काय आहे कोण जाणे. 'आजोबा, तुम्ही वाईट आहात' असं असलं तर? ते तिऱ्हाइताच्या तोंडून ऐकायचं? नको. आधी माझं मी वाचणार.

८ मार्च, शनि.
खडेबाजारात पुस्तकांची तीन दुकानं फिरलो. तमिळ शिकायचं पुस्तक एकाच ठिकाणी, एकच प्रत, आणि तेही कन्नडमधून. "मराठीतून नाही का?" "मराठीतून कोण शिकतंय मास्तर?" दुकानदार ओळखीचा. तोंड लपवून हसला. घेतलं.

घरी येऊन उघडलं. डाव्या बाजूला तमिळ, उजव्या बाजूला कन्नड. मला दोन्ही बाजू सारख्याच.

इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही. चौसष्ट वर्षं या सीमाभागात गेली, कन्नड बोलतो, बाजारात घासाघीस करतो, पण कन्नड अक्षरं शिकलो नाही. एकोणिसाव्या वर्षी चार मित्रांनी मिळून शपथ घेतली होती, कन्नड अक्षराला हात लावायचा नाही. बाकीचे तिघं नोकरीसाठी कधीच शिकले. मी राहिलो. निपाणीच्या स्टँडवर बत्तीस वर्षं शेजारच्याला विचारत आलो, "ही चिकोडीची का हो?" लोकांना वाटायचं मास्तरांचे डोळे गेले.

९ मार्च, रवि.
समोरच्या बसण्णाकडे गेलो. वीज खात्यातून निवृत्त. घरात कन्नड, दारात मराठी. आमचं अकरा वर्षं नमस्कारापुरतं. त्यानं गल्लीच्या नावाची पाटी करून आणली होती, फक्त कन्नडमध्ये. मी अर्ज केला. पाटी उतरवली. दुसरी कुणी लावली नाही, त्यामुळे आमच्या गल्लीला अजून पाटीच नाही आणि येणारा प्रत्येक माणूस मारुतीच्या देवळापाशी फोन करतो.

पुस्तक पुढे केलं. त्यानं चष्मा लावला, उलटसुलट बघितलं, मग माझ्याकडे.
"काय रीं मास्तर, तमिळ?"
"नातीचं पत्र आलंय."
पाटीचं काढतो की काय, मला तेवढीच धास्ती. काढलं नाही. आत ओरडून चहा सांगितला. मग म्हणाला, "मी वाचून दावतो रीं. पण रोज माझ्या दारात येऊन बसणार काय? एवढी अक्षरं शिका आधी. आठ दिवसांचं काम हाय."
एवढी म्हणजे कन्नड.
हो म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

१२ मार्च, बुध.
सकाळी सात ते आठ बसण्णाच्या कट्ट्यावर. पाटी-पेन्सिल विकत आणली. गल्लीतली माणसं फिरायला जाताना बघतात. एक जण म्हणाला, "मास्तर, शाळा उलटी फिरली की!" रक्तदाब वाढला असणार. गोळी घेतली.

१७ मार्च, सोम.
कन्नड बाराखडी बरीचशी आली. एवढंच होतं? एवढ्यासाठी पंचेचाळीस वर्षं?

आज स्टँडकडे मुद्दाम गेलो. बस आली. पाटीवरचं एकेक अक्षर जोडलं. चि. क्को. डि. शेजारी एक बाई पिशव्या घेऊन उभी, तिनं विचारलं, "दादा, कुठली हो ही?" म्हटलं, "चिकोडीची." बाई चढली. बस गेली तरी मी तिथेच उभा. आनंद झाला हे लिहायला लाज वाटते, पण झाला.

२१ मार्च, शुक्र.
तमिळ सुरू. टिपणं माझ्यासाठी:

स्वर बारा. अ ते ऊ आपलेच. मग ए दोन, आखूड आणि लांब, तसेच ओ दोन. बसण्णाला सरावाचे, कन्नडमध्ये आहेत. मला फरक ऐकू येईना. तो पुन्हापुन्हा म्हणतो, मी पुन्हापुन्हा चुकतो. चाळीस पोरांपैकी शेवटच्या बाकावरच्याला मी काय काय बोललो असेन, आठवून अंगावर काटा आला.

व्यंजनं अठराच. आधी वाटलं, सोपं आहे. सोपं कुठलं! क, ख, ग, घ चौघांना मिळून एकच க. शब्दाच्या सुरुवातीला क, दोन स्वरांमध्ये सापडला की ग, जोडून आला की पुन्हा क. असंच च-ज-स एका घरात, ट-ड एका, त-द एका, प-ब एका. अक्षर बघून भागत नाही, त्याचे शेजारी कोण आहेत ते बघावं लागतं. ख, घ, ध, भ मुळातच नाहीत. न तीन, र दोन.

आपण पाय मोडतो, ते डोक्यावर टिंब देतात. ம म्हणजे म, ம் म्हणजे म्. पाय मोडण्यापेक्षा हे बरं वाटलं.

एकाराची मात्रा डोक्यावर नाही, अक्षराच्या आधी. ओकाराला दोन्ही बाजूंना खुणा: கோ म्हणजे को. आई-बापांनी दोन्ही हात धरून शाळेत आणलेल्या लेकरासारखं दिसतं.

२४ मार्च, सोम.
गिरवतोय. एक खोड जात नाही. अक्षरं लिहून झाली की हात आपोआप वर रेघ ओढतो. शिरोरेषा. बत्तीस वर्षं पोरांना "रेघ मारा रे, उघडं अक्षर ठेवू नका" म्हणून ओरडलो, आता हात ऐकत नाही. बसण्णा पोट धरून हसतो. "मास्तर, ह्यांना टोपी नगं हो! ही बोडकीच असत्यात!"

पाटी पुसली, पुन्हा लिहिलं, पुन्हा रेघ.

२६ मार्च, बुध.
आज ழ. ल आहे, ळ आहे, आणि हा तिसरा. ळ म्हणताना आजवर छाती पुढे यायची, उत्तरेकडच्यांना तो जमत नाही म्हणून. आता माझी तीच गत. जीभ मागे वळवायची, टाळूला लावायची नाही, आणि र आणि ळच्या मधलं काहीतरी बाहेर येऊ द्यायचं. माझी कवळी निसटते. दोनदा हातात आली. बसण्णालाही हा येत नाही. म्हणाला, "आमच्यात जुन्या काळी होता म्हणत्यात, आमी टाकला." मी टिपणवहीत ळखाली टिंब देऊन लिहितो.

घरी सौ.ला विचारलं, नातीचं नाव नक्की काय. ती चपापली. सात वर्षांत पहिल्यांदा विचारलं.
"याळिनी."
पत्राच्या शेवटी बघितलं. யாழினி. ळ नाही, हा तिसराच. म्हणजे आजी इतकी वर्षं चुकीचंच म्हणतेय, आणि पोरगी ओ देते. मी तर चुकीचंही म्हटलेलं नाही.

२९ मार्च, शनि.
पत्राला हात घातला. पहिल्या दोन शब्दांना पाऊण तास. अन्-बु-ळ्-ळ ता-त्-ता. पुस्तकात मागे शब्द आहेत. 'प्रिय आजोबा.'

आज पुढे गेलो नाही. प्रिय म्हटलंय एवढं कळलं, बास.

३० मार्च, पाडवा.
गुढी उभारली. बसण्णाकडे त्यांची उगादी, त्यानं कडुनिंब-गूळ वाटीतून पाठवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सौ.ने वाटी रिकामी परत केली नाही, श्रीखंड दिलं.

दुपारी पत्र. तीन ओळी झाल्या. आमच्या घरी मांजर आहे. ते पांढरं आहे. ते दूध पीत नाही. एवढ्याला दोन तास, आणि प्रत्येक शब्दाला वाटतं, आता काहीतरी निघतंय. निघतं मांजर.

१ एप्रिल, मंगळ.
पहिलं पान संपलं. शाळा, मैत्रीण, पडलेला दात. दुसऱ्या पानावर मधेच एक शब्द लावला आणि थांबलो. म-रा-त्-ति. मराठी.

ती मराठीबद्दल काय लिहितेय? वही मिटली. फिरायला गेलो, अर्ध्यातून परत आलो.

२ एप्रिल, बुध.
बसण्णाकडे पत्र न्यायचं धाडस झालं नाही. तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. घरीच बसलो.

"अम्मा मरात्ति पाट्टु पाडुवांग." आई मराठी गाणी म्हणते. मग: "एनक्कु मरात्ति वरादु." 'वरादु' पुस्तकात सापडेना. मोठ्यानं तीनदा म्हटलं, तेव्हा कन्नडवरून लागलं. मला मराठी येत नाही.

राहिल्या दोन ओळी. खाडाखोड आहे ती, आणि शेवटची सहीची.

४ एप्रिल, शुक्र.
वाचलं. खोडरबरानं कागद पातळ झालाय, तिनंही दोन-तीनदा लिहिलं असणार.

नान् तमिऴ् पेसिनाल् कोबमा तात्ता.

नान्, मी. पेसिनाल्, बोलले तर. को-ब-मा बघून पुस्तक उघडायची गरज पडली नाही. कोप. आपलाच शब्द. शेवटी आ जोडला की प्रश्न होतो, असं पुस्तकात आहे.

मी तमिळ बोलले तर तुम्ही रागवाल का आजोबा?

नऊ वर्षांपूर्वी वैशाली लग्नाचं सांगायला आली होती. मुलगा तमिळ, तिच्याच कचेरीतला, बेंगळुरात ओळख झालेली. उंबऱ्यात उभी राहून विचारलं, "अण्णा, आत येऊ?" मी म्हणालो, "ज्या दिवशी तुझी पोरंबाळं मराठी बोलतील त्या दिवशी ये." हे वाक्य मी पुढे चार ठिकाणी अभिमानानं सांगितलं. टाळ्याही मिळाल्या.

सौ.ला विचारलं, पोरीला हे कुणी सांगितलं?
"कुणी न्हाय सांगिटलं. ती इचारायची, तात्ता फोनवर का येत न्हाईत. वैशाली गप बसायची. लेकरानं आपल्या मनानं जुळवलं." मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "अवो, हाय काय तुमाला राग अजून?"

आहे का, हे मलाच बघायला हवं होतं.

५ एप्रिल, शनि.
नाही.

६ एप्रिल, रवि.
उत्तर लिहायचं. मराठीत असतं तर चार पानं लिहिली असती. हातात वीस-पंचवीस शब्द आहेत.

'राग नाही' हे सोपं. पण ते पूर्ण खरं नाही. राग होता. लेकराशी पहिलंच बोलणं आणि तेच खोटं, असं नको. 'होता'साठी शब्द शोधायला अख्खी सकाळ. मग 'ये'. ये म्हटलं तर एकटी पोरगी. मला सगळी हवीत, जावईसुद्धा. जावयाचा चेहरा मी फक्त फोटोत बघितलाय, तोही सौ.ने दाखवला आणि मी नको म्हणत बघितला.

संध्याकाळी बसण्णाकडे गेलो, पत्र पुढे ठेवलं, सगळं सांगितलं, उंबऱ्याचंसुद्धा. तो कट्ट्यावरच्या पाटीकडे बघत बसला.
"मास्तर, तुमी लई चुकला हो," म्हणाला. "चला, लिवा."

शेवटी असं ठरलं:
கோபம் இருந்தது. இப்போது இல்லை. எல்லோரும் வாருங்கள்.
राग होता. आता नाही. सगळी या.
वर 'अन्बुळ्ळ' आणि तिचं नाव. खाली 'तात्ता'.

७ एप्रिल, सोम.
चांगल्या कागदावर उतरवलं. चार कागद वाया. पाचवा पाकिटात घातला, चिकटवला, टपाल कचेरीत जाऊन स्पीड पोस्ट केला. पावती खिशात. परत येताना पाय हलके.

संध्या. टेबल आवरताना वाया गेलेले कागद बघितले. चारही कागदांवर, प्रत्येक ओळीवर, पट्टीनं मारल्यासारखी शिरोरेषा. लिहिताना कळलंसुद्धा नाही. पाचव्यावर? आठवत नाही. काही केल्या आठवत नाही.

८ एप्रिल, मंगळ.
मारलीच असणार. चार मारल्या तर पाचवी का नाही? टिंबं सगळी रेघेखाली गेली असतील. पोरीला वाटेल, आजोबांनी सगळं खोडून पाठवलं. 'सगळी या' खोडलं.

टपाल कचेरीत गेलो. पाकीट परत मिळेल का विचारलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "गेलं की काका ते कालच." काय चुकलं होतं विचारलं तिनं. पावती खिशात घालून बाहेर पडलो.

सौ. म्हणते फोन करा. कसा करू? नऊ वर्षांनी पहिला फोन, आणि म्हणू काय, रेघेकडे लक्ष देऊ नका?

११ एप्रिल, शुक्र.
बसण्णाच्या मोबाइलवर पावतीचा नंबर टाकून बघितला. पोचलं. आज सकाळी साडेअकराला.

दिवसभर फोनपाशी. आला नाही.

१३ एप्रिल, रवि.
वैशालीचा आईला नेहमीचा फोन. मी परसात न जाता खोलीतच थांबलो. उन्हाळा, भाज्या, जावयाची पाठ. पत्राचं एक अक्षर नाही. सौ.ने विचारलं तर म्हणे, "तिचं तिला माहीत, मला दाखवत नाही." फोन ठेवताना सौ.ने माझ्याकडे बघितलं, बोलता का म्हणून. मी नकाराची मान हलवली. हलवून झाल्यावर वाटलं, कशाला हलवली.

१६ एप्रिल, बुध.
काही नाही. ழ चा सराव. कवळी काढून केला तर जरा बरा येतो.

बसण्णा विचारत नाही, पण टपालवाला गल्लीत आला की कट्ट्यावरून उठून उभा राहतो. आज म्हणाला, "पाटी नसंल तर टपाल चुकतंय काय रीं कुठं?" मी त्याच्याकडे बघितलं. तो गंभीर होता. गल्लीच्या पाटीचं बघायला पाहिजे. दोन्ही अक्षरांत. मी म्हणालो, तो हूं म्हणाला.

१९ एप्रिल, शनि.
तिकडे शाळांना सुट्टी लागली असेल. यायची असती तर तिकिटं काढली असती, वैशालीनं आईला सांगितलं असतं. म्हणजे येत नाहीत. सौ.ने तरीही मागची खोली झाडून घेतली.

२१ एप्रिल, सोम.
आलं. साडेबाराला. पाकिटावरचा पत्ता या वेळी तिनंच लिहिलाय, मोठ्या इंग्रजी अक्षरांत. बसण्णा टपालवाल्याबरोबर दारापर्यंत आला आणि आत न येता उभा राहिला. मी ये म्हणालो.

उघडलं. अडीच पानं.

प्रत्येक ओळीवर रेघ आहे. पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत, सगळ्या तमिळ अक्षरांच्या डोक्यावर, लाल पेन्सिलीनं, पट्टी धरून. मांजराच्या कानांवरूनसुद्धा गेलीय.

बसण्णा वाकून बघत राहिला. "पोरीनं टोपी घातली की हो सगळ्यास्नी," म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.

सौ. स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी आली. "काय लिवलंय? येणार हाईत का न्हाईत?"

रेघेमुळे टिंबं लागत नाहीत. अक्षरं ओळखीची असून परकी दिसताहेत, सगळं पुन्हा पहिल्यापासून लावावं लागणार. पुस्तक घेतलं, पाटी घेतली. भिंगही काढलं. धीर गोळा व्हावा म्हणून आधी इथे लिहिलं.

"थांब गं," म्हटलं, "अजून पहिल्याच ओळीत आहे."